काळ्या पट्टीखालची ओळ

मी सृष्टीच्या माहेरचा प्रिंटर बोलतोय. तिच्या रुखवतात कुरडयांची परात आणि मिक्सर यांच्यामध्ये मला मांडलं होतं. "ह्यात काय दळत्यात?" असं एका पाहुणीनं विचारलं, तेव्हाच सांगलीतलं विश्रामबाग सुटलं हे मला कळलं.

सांगलीत सृष्टी एका कंपनीसाठी वेबसाइटची पानं बनवायची. उंब्रजला सासरी आली आणि घरातली सगळ्यात कमी बोलणारी ठरली. आम्ही दोघं नवे. कुणी बटण दाबल्याशिवाय आवाज करत नव्हतो.

तिचे सासरे आकाराम, ती त्यांना मामा म्हणते, फौजेतून निवृत्त झालेले. मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत आणि तोंडी सांगितलेलं ते मानत नाहीत. लेखी हुकूम हवा. एकेक ओळ वाचायची, काम झालं की पेनानं खूण.

सासूबाई बनुबाई, ज्यांना ती आत्ती म्हणते, त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या सूचना जयराजनं, म्हणजे सृष्टीच्या नवऱ्यानं, घाईघाईत माझ्याकडून छापून घेतल्या आणि तो कामावर गेला.

काय छापलं मी! पहिल्या पानावर नुसता मेनू, दुसऱ्यावर डॉक्टरांचा हसरा फोटो. खरा मजकूर फिकट, राखाडी. मोबाइलवर तळाला चिकटून राहणारी 'आत्ताच फोन करा' ही काळी पट्टी तर प्रत्येक पानावर मजकुरावरच बसली. मला दिसत होतं, पण सांगणार कसं?

ऑपरेशन जवळ आलं. सृष्टी चहा घेऊन आली तेव्हा मामा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. बनुबाईंच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या तळव्यावर हृदयासाठीची रोजची गोळी. सृष्टीची नजर पट्टीवर अडकली. पट्टीच्या वर काही वेलांट्या आणि मात्रा डोकावत होत्या.

"मामा, इथं एक ओळ झाकली गेलीय."

"कागदावर न्हाई ते करायचं न्हाई. सगळ्या खुणा झाल्या."

"आवं, ऐका तरी," बनुबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं पोरीनं आज तोंड उघडलंय!"

"आत्ती, मी छापेपर्यंत थांबा जरा."

तिनं लॅपटॉपवर दवाखान्याचं तेच पान उघडलं. मेनू काढला, फोटो काढला, पट्टी उडवली, अक्षरं मोठी आणि काळी केली. नेमका तेव्हाच कागद माझ्या घशात अडकला. तिनं तो ओढून काढला, दुसरा घातला. मी जीव लावून छापलं.

मामांनी मोठ्यानं वाचलं, "रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर कळवावे."

तळव्यावरची गोळी तीच होती. बनुबाईंनी तांब्या खाली ठेवला. मामांनी लगेच फोन लावला. ऑपरेशन पुढं ढकललं. गोळीचं काय करायचं, तेही त्यांनी डॉक्टरांकडून लेखीच मागून घेतलं.

पानं बनवणाऱ्यांनो, पडद्यावर देखणं दिसलं म्हणजे झालं असं समजू नका. एकदा कागदावर काढून घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्या तोंडाकडं बघा.

आज ऑपरेशनसाठी सगळी कराडच्या दवाखान्यात गेलीत. बनुबाईंना सकाळीच आत नेणार होते. घराला कुलूप. दुपार टळली तरी काही कळेना. सृष्टी मोबाइलवरून कुठूनही मला काम लावते, म्हणून मी जागाच होतो.

आत्ता दिवा लुकलुकला. कागद आत ओढला गेला. घरात वाचायला कुणी नाही, म्हणून मीच वाचलं. ठळक, काळी अक्षरं होती: 'घरी आल्यावर बनुबाईंनी काय खावे.'