तत्त्वज्ञानाला एक विद्यार्थी पाहिजे

एकनाथसरांनी आयुष्यात कुणालाही वादात हरवलेलं नव्हतं, आणि कॉलेजात ते शिकवत होते तर्कशास्त्र. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाजलं तर जास्तीचे पैसे हेच देत आणि वरून ‘सॉरी’ही म्हणत. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत त्यांच्या बोळात दुसऱ्याची गाडी दारात आडवी लागली, तर हे स्वतःची स्कूटर उचलून पलीकडे नेत. पोहता न येणाऱ्याने पोहण्याचा क्लास काढावा तसं आपलं झालंय, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसून घेतलं की कमी लागतं, असा त्यांचा अनुभव होता.

पण यंदा नुसतं हसून भागण्यासारखं नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणात बी. ए.च्या पोरांना पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मुख्य म्हणून निवडायचा असतो. त्याला सगळे मेजर म्हणतात. तत्त्वज्ञान मेजर म्हणून अजून एकानेही घेतलं नव्हतं. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात सांगितलं, “सर, मी जास्त मागत नाही. एक विद्यार्थी दाखवा. एक असला तरी मी विभाग चालू ठेवतो. नाहीतर तुमचा वर्कलोडच उरत नाही, मग संस्था तुम्हाला माळशिरसच्या ज्युनिअर कॉलेजात टाकणार.”

माळशिरस म्हणजे रोज जाऊन-येऊन करण्याचं अंतर नव्हे. तिथं खोली करायची, खानावळीचा डबा लावायचा आणि शनिवारी घरी यायचं. शकुंतलाबाई जिल्हा परिषदेत नोकरीला, त्यांना सोलापूर सुटणार नव्हतं. म्हणजे ऐन पन्नाशीत सरांच्या नशिबी पुन्हा कॉटबेसिस आलं. कुकर कसा लावतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शिट्टी हे कार्य असेल तर कारण कोणतं, एवढंच त्यांना सांगता आलं असतं.

इकडे बाकीच्या विभागांनी पोरं गोळा करायचा धडाका लावला होता. भूगोलाच्या महेश्वरसरांकडे सहल होती. राज्यशास्त्रवाल्यांकडे स्पर्धा परीक्षा होती. कँटीनमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांपुढे भज्यांच्या प्लेटी सरकत होत्या आणि कालपर्यंत मागच्या बाकावर झोपणाऱ्या पोरांना प्राध्यापक ‘काय म्हणताय?’ असं अहो-जाहो करत होते. एकनाथसरांनीही धीर करून एका पोराला भजी खाऊ घातली. त्याने दोन प्लेटी खाल्ल्या, सरांना वाकून नमस्कार केला आणि अर्थशास्त्र घेतलं. भजी आणि अर्थशास्त्र यांत कार्यकारणभाव आहे की हा निव्वळ योगायोग, यावर सरांनी मग दोन दिवस विचार केला.

आता आशा उरली होती ती उत्कर्षाची. माढ्याकडच्या एका वस्तीवरची ही मुलगी त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसे आणि सारखे प्रश्न विचारी. “सर, असं का?” “सर, पण उलटं असलं तर?” सर मनातून फुलून जात. आपल्या वाट्यालाही एक जिज्ञासू जीव आला, असं त्यांनी शकुंतलाबाईंना तीनदा ऐकवलं होतं. तिने अजून विषय कळवलेला नव्हता आणि मुदत दोन दिवसांवर आली होती. तेव्हा सरांनी ठरवलं, तिच्या घरी जायचं. सोलापूरकडच्या आर्ट्स कॉलेजच्या प्राध्यापकाला उन्हाळ्यात गावोगाव फिरून प्रवेश मागायची सवय असतेच. मुलीला मागणी घालायला निघाल्यासारखं धुतलेला शर्ट घालायचा आणि एसटीने जायचं.

“लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली,” शकुंतलाबाई डबा भरता भरता म्हणाल्या, “फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा ते मला पटवता आलं नाही तुम्हाला. आणि आता अख्खं घर पटवायला निघालात?”

“तू अपवाद आहेस,” सर म्हणाले.

“मग नियम कोण आहे, ते तरी सांगा.”

नियम कोण, ते माढ्याला उतरेपर्यंत सरांना सुचलं नाही.

वस्तीवर त्यांचं स्वागत दणक्यात झालं. प्राध्यापक स्वतः घरी आलेत म्हटल्यावर उत्कर्षाच्या वडिलांनी, महिपतीने, ट्रॅक्टर तसाच शेतात उभा करून धाव घेतली. बाज टाकली, पंखा सरांकडे वळवला. उत्कर्षा घरात नव्हती, रानात गेली होती. तिची आजी रंभाबाई उंबऱ्याला टेकून बसली होती आणि सरांना डोक्यापासून चपलेपर्यंत निरखत होती.

“या की सर, निवांत बसा,” महिपती म्हणाला. “पोरगीनं काय उद्योग केला काय?”

“नाही नाही, महिपतराव. फार हुशार मुलगी आहे. तिने मेजरला तत्त्वज्ञान घ्यावं, एवढंच सांगायला आलो.”

“त्यानं काय हुतं?” रंभाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न जगातल्या थोरामोठ्यांना सुटला नव्हता, पण सर तयारी करून आले होते. “आजी, त्याने माणूस विचार करायला शिकतो.”

“इचार करनारी लई हायत आमच्यात,” म्हातारी ओसरीवर आडव्या पडलेल्या धाकट्या लेकाकडे बोट करून म्हणाली. “त्यो बगा त्यो, माजा धाकला, सकाळधरनं इचारच करतुय. काम करनारं कुनी आसलं तर सांगा.”

महिपती भावाकडे बघून ओशाळवाणं हसला. सरांनी दुसरा मुद्दा काढला, तत्त्वज्ञानाने मन स्थिर होतं. म्हातारीने जांभई दिली. तिसरा मुद्दा जीवनाच्या अर्थाचा होता, तो कुणी नीट ऐकलाच नाही, कारण मध्येच म्हैस हंबरली. एकनाथसरांना डोळ्यांपुढे माळशिरसची खोली दिसायला लागली, दोरीवर एकट्याचे कपडे आणि खिडकीत थंडगार डबा. आणि त्या भीतीने त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

“मोठमोठ्या परीक्षांना नीतिशास्त्राचा पेपर असतो, महिपतराव. कलेक्टर होतात ना, ते सगळे हे शिकलेले असतात.”

महिपती ताठ बसला. “कलेक्टर?”

“हो. नीतिशास्त्र हा आमच्याच विषयाचा भाग आहे.”

“आये, ऐकलंस का? कलेक्टर ह्येच शिकत्यात. आपली उत्कर्षा ह्येच शिकनार. म्हंजी उत्कर्षा कलेक्टर! बराबर हाय का न्हाय, सर?”

बरोबर नव्हतं. साफ चूक होतं. या चुकीला पुस्तकात नाव होतं, आणि सरांनी ती चूक करणाऱ्या पोरांचे मार्क गेली कित्येक वर्षं लाल पेनाने कापले होते. आता त्यांनी काय करायला हवं होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तो फार गरम असल्यासारखे बराच वेळ फुंकत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणाला तरी पटलं होतं, आणि तेही चुकीचं. एवढं सोडलं तर विजय निर्भेळ होता.

महिपतीने लगेच शेजारच्या पोराला धाडून उत्कर्षाला बोलावून घेतलं. ती आली ती खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या होत्या आणि टोकाला दगड. “सर, तुम्ही?” म्हणून तिने घाईघाईने ओढणी सारखी केली.

“विहिरी मोजत हिंडती,” रंभाबाई म्हणाल्या. “कुन्या महेश्वरसरानं नाद लावलाय.”

महेश्वर हे नाव ऐकून सरांना चहा कडू लागला.

“पोरी, तुजं ठरलं,” महिपती म्हणाला. “तू सरांचाच इषय घ्यायचा. कलेक्टर व्हायचं. सर सोता आलेत यवढ्या लांब.”

उत्कर्षाचं तोंड उतरलं. “आप्पा, मी भूगोल घेणार होते. उद्या कळवणारच होते.”

“पण उत्कर्षा,” सर पुढे सरकले, “तू माझ्या तासाला इतके प्रश्न विचारायचीस! तुला किती ओढ आहे ते मला दिसत होतं.”

उत्कर्षाने मान खाली घातली. “सर, मला काहीच समजत नव्हतं. म्हणून विचारत होते.”

सरांनी बशी खाली ठेवली. हे त्यांच्या लक्षात कधी आलं नव्हतं आणि आता लक्षात आल्यावर इतकं उघड दिसत होतं की त्यांना आपल्या अकलेची कीव आली. जिज्ञासू जीव कसला, बिचारी वर्षभर वाट विचारत होती आणि हे तिला नकाशाचं महत्त्व समजावून सांगत होते.

“आप्पांनी तळहातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या माणसाचं ऐकून तीन जागी बोअर मारलं सर,” ती सांगू लागली. “तिन्ही कोरडी. पलीकडं दोन बांधांवर चुलत्यांना पाणी लागलं. मला बघायचंय पाणी कुठं असतं आणि हितंच का नसतं. मी गावातल्या सगळ्या विहिरी मोजल्यात.”

हे बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता, की तर्कशास्त्राच्या तासाला तो तसा सरांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यांना महेश्वरसरांचा मनापासून हेवा वाटला.

“आगं पर कलेक्टर ह्येच शिकत्यात! तू बी ह्येच शिकलीस, म्हंजी तू बी कलेक्टर...” महिपती हट्टाला पेटला.

उत्कर्षा सरांकडे वळली. “सर, आप्पा म्हणतायत ते बरोबर आहे का?”

“म्हणजे तसं बघितलं तर... सर्वसाधारणपणे...” सर म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले.

तशी ती बापाकडे वळून म्हणाली, “आप्पा, आपली म्हैस काळी हाय का?”

“हाय की.”

“कावळा काळा हाय का?”

“हाय.”

“मग उद्या सकाळी चरवी घेऊन कावळ्याखाली बसायचं का?”

रंभाबाईंना हसता हसता ठसका लागला. “आता का गं बया!” महिपती आधी गोंधळला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. कलेक्टर नीतिशास्त्र शिकतात म्हणून नीतिशास्त्र शिकणारा प्रत्येकजण कलेक्टर होत नाही, हे त्या माणसाला एका म्हशीत कळलं. सरांना तेच शिकवायला तीन तास आणि एक फळा लागायचा. हे उदाहरण त्यांच्या कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं. पोरीने ते उभ्या उभ्या तयार केलं होतं. समजत नव्हतं म्हणे!

“बरोबर आहे तिचं, महिपतराव,” सर म्हणाले. “मी मघाशीच बोलायला पाहिजे होतं. चहा फुंकत बसलो.”

“मंग मास्तर, खरं सांगा,” रंभाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “उनातान्हाचं यवढ्या लांब कशापायी आला?”

म्हातारीपुढे खोटं चालणार नव्हतं, आणि सरांनाही आता ते नको झालं होतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. एक विद्यार्थी लागतो. तो मिळाला नाही की माळशिरस. बायको सोलापुरात, आपण तिकडे. सांगताना त्यांनी सवयीने कुकरचा विनोदही केला, पण कुणी हसलं नाही. महिपती जमिनीकडे बघत राहिला.

“मग मी घेते सर तत्त्वज्ञान,” उत्कर्षा म्हणाली. तिने खांद्यावरची दोरी काढून बाजेच्या पायाशी ठेवली. “मला चालंल. खरंच.”

एकनाथसरांनी त्या दोरीकडे पाहिलं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पोरगी हुशार होती, कुठल्याही विषयात पास झाली असती, आणि शेवटी तत्त्वज्ञान काही वाईट विषय नव्हे. तिचं भलंच होईल, असं स्वतःला पटवायला त्यांना फार कष्ट पडले नसते. स्वतःशी वाद घालतानाही ते नेहमी हरतच. त्यांना ‘हो’ म्हणायचं होतं. अगदी जिवापासून म्हणायचं होतं.

“उत्कर्षा,” ते म्हणाले, आणि आवाज वर्गातल्यासारखा यावा म्हणून त्यांनी घसा खाकरला. “मी आत्ता तुला तत्त्वज्ञान घ्यायला कुठलं कारण दिलं?”

“तुम्हाला माळशिरसला जावं लागेल, हे.”

“त्याने विषय तुझ्यासाठी योग्य ठरतो का?”

“नाही सर. नुसती कीव येते. कीव म्हणजे पुरावा नव्हे.”

“शाब्बास. मग आता ती दोरी उचल.”

तिने दोरी उचलली. तिचे डोळे भरले होते. सर पिशवी उचलून उठले, आतला डबा त्यांनी उघडलाच नव्हता. रंभाबाईंनी जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून दटावलं, तसे ते पुन्हा बसले. तिथंही त्यांना वाद जिंकता आला नाही.

संध्याकाळी माढ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना शकुंतलाबाईंचा फोन आला. “मिळाली का हो?”

“मिळाली होती. भूगोलाला देऊन आलो.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, चहा फुंकल्याचंसुद्धा. म्हैस आणि कावळा तर दोनदा सांगितला.

शकुंतलाबाई म्हणाल्या, “म्हणजे इतक्या वर्षांत एक विद्यार्थिनी तयार केलीत, आणि तीही दुसऱ्याला देऊन आलात.”

“हो,” एकनाथसर म्हणाले. “पण काय तयार झालीय गं!”