सरीतलं माप

डाळीएवढा तांबूस ठिपका तिने नखाने उकरून पाहिला — गंजच. राखाडी मातीत मुरलेला गंज, म्हणजे इथवर पाणी चढतं आणि उभं राहतं, वर कुणी कितीही नांगर फिरवो. गिरमिटाने ओढून काढलेली माती अजून ओली, गार होती, आणि तिच्याजवळ काका उकिडवा बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात टेपचं टोक. मदत करायची भारी हौस त्याला.

"छत्तीस," त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, हळू. "चाळीसच्या आतच गेलं म्हणायचं."

"हो."

चाळीस सेंटिमीटरच्या आत गंज लागला की जमीन नांगरातून सुटली. जमीन-वापराचा नवा आराखडा साधा होता: उंच, कोरडी जमीन पिकाला, उतार गवताला, आणि पाणी जिथे आपणहून थांबतं ती जागा पाण्याला, लव्हाळ्यांना, पाखरांना परत. मालक कोण हे विचारायचंच नाही, माती सांगेल ते खरं... तीन वर्षं ती गावोगाव हेच सांगत फिरली होती, घसा बसेपर्यंत, आणि मनापासून.

फक्त आजचं भोक सरीत पाडलं होतं. ते पाडायचं वरंबा आणि सरी यांच्या मधोमध, सरी मुळात खोल, तिथे माप कमी भरतं — नियम तिनेच लिहिलेला, एका नवख्या सहकाऱ्याने हाच घोळ घातला तेव्हा त्याला सगळ्यांदेखत झापून. मधोमध घेतलं असतं तर चव्वेचाळीस. काकाचं शेत वाचलं असतं.

पण वाचावं कशाला? बाबांचं वाचलं होतं? वाटणी झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात याने बांधाला लागून चर खणला, स्वतःचं सगळं पाणी खालच्या अंगाला, बाबांच्या रानात सोडून दिलं, आणि बाबा — काय माणूस! — म्हणाले, भाऊच आहे, बुजवेल. रोज सकाळी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे, पिवळं पडलेलं रोप उपटून मुळं हुंगायचे... कुजका वास घरभर यायचा. चर बुजला नाही. बाबा शहरात एका गोदामावर पहारा करत म्हातारे झाले आणि खिडकीतल्या कुंडीतली माती बोटांत चुरत गेले. मातीचाच अभ्यास का घेतलास, असं लोक विचारायचे, तेव्हा ती हसून वेळ मारून न्यायची. याच्यासाठी घेतला. या एका भोकासाठी.

आता तो चिडेल. हातापाया पडेल. मग ती शांतपणे म्हणणार होती, काका, माझ्या हातात काय आहे? वाक्य वीस वर्षं घोटून ठेवलेलं होतं.

काका चिडला नाही. गुडघ्यावर हात टेकत उठला, शेताच्या पार टोकापर्यंत नजर टाकली आणि म्हणाला, "परका कुणी असता ना, तर त्याचं गिरमिट हिसकावून घेतलं असतं मी. पण तू मोजलंस म्हणजे तेवढंच असणार. दादाचीच पोर तू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तोंडाने दादा? लाज नाही वाटत?

"सही कुठे करू?"

"इथे. साक्षीदार म्हणून."

त्याने कागद मांडीवर धरून सही केली, मोठी, शाळकरी अक्षरं. चाळीस वर्षं याच सऱ्या पाडलेला माणूस, भोक त्याच्या पावलाशी, वरंबा पोटरीला टेकलेला... याला दिसत कसं नाही? की दिसतंय?

"हात धुऊन ये, जेवायला बसू," असं म्हणत तो विहिरीकडे निघाला, जरा वाकून, पूर्वी असा चालत नसे.

तोंडावर ती त्याला अहो-जाहो करायची, मनात कायम अरे-तुरे. विचार ना, ती मनात म्हणाली. एवढंच विचार की भोक सरीत का पाडलंस. विचारलंस तर सांगेन, चरापासून सगळं सांगेन, कागद फाडेन नाहीतर फाडणारही नाही, पण विचार तरी... तो चालतच होता. सूड हातात आला होता, सहीसकट, आणि तिला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, या माणसाने मागे वळून आपल्याला पकडावं.