सोनगीरवर गप्प झालेलं इंजिन

जळगावहून धुळ्याला निघालेल्या छोट्या विमानाचं इंजिन सोनगीरच्या किल्ल्यावर येताच गप्प झालं. अमिनाबीने डोळे गच्च मिटले. तिचा नवरा जहांगीर डिझेल वाचवायला उतारावर टेम्पो असाच बंद करायचा, आणि एकदा ब्रेक लागेनात तेव्हा तो उलटला होता.

"अगं, त्या मेल्या पायलटला सांग, चालू कर!" तिने नातीचं मनगट आवळलं.

"दादी, पंखे बॅटरीवर फिरताहेत. मीच बसवलीय ती," इंजिनीअर मिसबाह हसली. "धूर कमी होतो."

"बॅटरी संपली तर?"

"इंजिन सुरू होईल."

"नाही झालं तर?"

मिसबाहने वैमानिकाला खूण केली. इंजिन घुरघुरलं. अमिनाबीने डोळे उघडले, पण धुळ्याच्या धावपट्टीला चाकं टेकेपर्यंत मनगट काही सोडलं नाही.