रडणारी होडी

होडीपुढची रांग पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेली होती. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. एक गृहस्थ तर चक्क बादली घेऊन आले होते. होडी रडून रडून किती रडणार, याचा त्यांनी विचार केला नसावा.

या सगळ्याचा अपराधी मीच. मी रंगारी. कप्तानाची निळी फायबरची होडी आठ वर्षांनी पाण्याबाहेर काढून धक्क्यावर ठोकळ्यांवर चढवली होती. जुना रंग खरवडताना तिच्या पोटावर बटणाएवढे फोड दिसले. खरवडायच्या पत्र्याचं टोक एका फोडाला लागलं आणि पिचकारी थेट माझ्या मिशीवर! आंबूस वासाचं, चिकट पाणी.

"अगं बाई, ही तर रडतेय!" मी आपला सहज बोलून गेलो. पण शेजारी चहा पीत बसलेल्या एका दाढीवाल्याने ते वाक्य उचललं, आणि दुसऱ्या दिवशी तो अश्रूबाबा झाला.

"ही होडी नाही, आई आहे!" बाबा कर्ण्यावरून ओरडायचे. "समुद्राने गिळलेल्या लेकरांसाठी आठ वर्षं कुढतेय! हे अश्रू डोळ्यांत घाला, दृष्टी येईल. गुडघ्याला लावा, गुडघा धावेल!"

"एकटा गुडघाच धावेल, की माणूसही बरोबर जाईल?" मी विचारलं.

"शंका घेणारा जागेवरच राहील," बाबा म्हणाले. लोक खो खो हसले, माझ्यावर.

इथवर गंमत होती. मग कप्तान म्हणाला, "माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. रविवारी सकाळी बाबा स्वतः तिच्या डोळ्यांत अश्रू घालणार आहेत."

त्या पाण्याने माझा ओठ दोन दिवस चुरचुरत होता. मी तडक मावशीकडे गेलो. माझी मावशी पंचवीस वर्षं होड्यांच्या कारखान्यात फायबरचे थर चढवते. बादलीवाल्याची गोष्ट ऐकून ती पोट धरून हसली. डोळ्यांचं ऐकलं आणि तिचं हसू मावळलं.

"निळी होडी? आठ वर्षांपूर्वीची?" एवढंच विचारून ती हातोडी शोधायला लागली.

रविवारी कप्तानाची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची आजी, खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. बाबांनी ड्रॉपर उचलला, तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे घुसली. हातात छोटी हातोडी आणि खडू.

"बाबा, पुढचा अश्रू कुठून येणार?"

"आईच्या मनात येईल तिथून!"

"मग मीच सांगते." होडीच्या दुसऱ्या बाजूचा जाड रंग अजून तसाच होता, फोड दिसत नव्हते. मावशी कान लावून ठोकत गेली. टण्ण, टण्ण, ढब. आवाज बद्द आला की फुली, खणखणीत आला की गोल. "फुलीवर रडेल, गोलावर नाही. टोच रे."

मी पाच फुल्या टोचल्या. पाचही रडल्या. मग तिने टोचा बाबांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि गोलात टोचा खुपसला. टोचा वाकला. होडी ढिम्म.

"आई रुसली," बाबा म्हणाले.

"नेमकी गोलातच?" बादलीवाल्याने विचारलं.

मावशीने शाळेतून मागून आणलेली निळी कागदी पट्टी त्या पाण्यात बुडवली. पट्टी लाल झाली. "हे आम्ल आहे. आजीच्या आधी तुमच्या डोळ्यांत घालू या का?"

"माझी दृष्टी उत्तम आहे," बाबा दोन पावलं मागे सरकले.

आजी खुर्चीतून उठली. "अश्रू न घालताच मलाही आता बरंच स्पष्ट दिसायला लागलंय."

गर्दी हसली, आणि या वेळी माझ्यावर नाही. बाबा कर्णा तिथेच टाकून सटकले.

"पण मग ती रडते कशाने?" कप्तानाने विचारलं.

"माझ्यामुळे," मावशी म्हणाली. "काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून थरावर थर बसवतात, तीच ही होडी. वरून गुळगुळीत लेप असतो. तुम्ही घाई करत होता, हवा दमट होती. रेझिन नीट टणक झालं नाही आणि लेपही पातळ बसला. मला ते कळत होतं, तरी मी होडी दिली. आत कच्चं राहिलेलं रसायन, बाहेर समुद्र. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो ना? तसंच लेपातून थेंबाथेंबाने पाणी आत ओढलं गेलं, रसायन त्यात विरघळलं आणि फोड आले."

कप्तान चिडेल असं वाटलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "घाई माझीच होती."

मावशीने फोड घासून काढले, होडी गोड्या पाण्याने धुतली, कित्येक आठवडे वाळवली आणि वर पाणी आत न शिरू देणारे इपॉक्सीचे लेप चढवले. रंग मी दिला. आजीचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा माझी मिशी पाहिली आणि ती काढायला सांगितली.

आजही कुणी चमत्काराची बातमी आणली की मावशी म्हणते, "कारण विचारा. मी माझी चूक सांगू शकले, कारण मला कारण ठाऊक होतं. नुसतं 'का' विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्या हाती आपला डोळा देऊ नका."