उघडं राहिलेलं झाकण

शस्त्रक्रियागृहाबाहेर ठेवलेल्या, रक्ताच्या पिशव्यांच्या शीतपेटीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. ते पाहून रक्तपेढीत काम करणाऱ्या थोरल्या सुनेने पेटी उघडली. आतला तापमापक बारा अंश दाखवत होता आणि दहाच्या वर गेलेलं रक्त चढवता येत नाही. शस्त्रक्रियागृहात तिची धाकटी जाऊ बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती.

"वहिनी, जरासं कोमट झालं म्हणून काय झालं? द्या ना!" दिराने हात जोडले.

"भाऊजी, हे तिच्या जिवावर बेतेल," म्हणत ती पेटी घेऊन जिना उतरत रक्तपेढीकडे धावली. जावेच्या रक्ताशी जुळवून ठेवलेल्या दुसऱ्या पिशव्या तिने नव्या पेटीत भरल्या, झाकण दाबून दाबून पाहिलं आणि धापा टाकत परतली. दिराने तोंड फिरवलं.

संध्याकाळी जावेने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा तो वहिनीपाशी येऊन नुसताच रडला.