इनासच्या वहीतली ओळ

"ॲपमध्ये भरती दाखवतायत," चौदा पर्यटक आळीपाळीने सांगत होते, आणि त्यांची होडी चिखलात रुतली होती. साठीचा इनास गुडघाभर चिखलात उभा राहून ती ढकलत होता. होडी ॲपमधल्या पाण्यावर चालली असती तर त्याची काहीच तक्रार नव्हती.

त्याचा मुलगा ॲल्स्टन काठावरून उतरला. त्याने एकाचा फोन मागून घेतला आणि ॲपमधली वेळ बघितली. ती वेळ त्याच्याच प्रोग्रामची होती, गेल्या वर्षीची.

इनास एकतीस वर्षं खाडीतल्या खांबाकडे बघून भरतीची वेळ वहीत टिपत आला होता. ॲल्स्टनने त्या वह्यांवरून भरती सांगणारा प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. फुकट घ्या, बदला, विका. फक्त वरची ओळ ठेवा. ओळ एवढीच: 'आकडे इनासच्या वहीतले', आणि पुढे मूळ पानाचा दुवा. गेल्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडावर वाळू सरकली, भरती पाऊण तास उशिरा येऊ लागली. त्याच आठवड्यात ॲल्स्टनने त्या पानावर दुरुस्ती टाकली. पण ॲपवाल्यांनी ओळच काढलेली. मग दुरुस्ती त्यांना कळणार कशी?

त्याने ॲपच्या कंपनीत फोन लावला. शर्मिष्ठा नावाच्या बाईंनी गोड आवाजात समजावलं की दुवा दिला की माणूस ॲपमधून बाहेर जातो. ॲल्स्टनला विचारावंसं वाटलं, चिखलात बसलेले चौदा जण ॲपच्या आत होते की बाहेर? नाव काढलं, कारण 'इनास' नावाची संस्था कायदा विभागाला कुठे नोंदलेली सापडली नाही. पडताळणीसाठी त्यांनी ब्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म पाठवला. मुख्यालय जळाल्यास पर्यायी जागा? त्याने लिहिलं, बाजूचा माड. सुरक्षा अधिकारी? त्याने कुत्र्याचं नाव दिलं. फॉर्म मंजूर झाला. कुत्र्याला प्रशिक्षणाचं आमंत्रणही आलं.

इनासचं नाव मात्र आलं नाही.

दुसऱ्या फोनवर बाई म्हणाल्या, "तुमच्या पानावर देणगीचं बटणच नाही. ते लावा ना. आम्ही प्रायोजक होऊ, मग त्या ओळीची गरजच उरत नाही."

ते बटण एकदा चार दिवस होतं. इनासने विचारलं होतं, ह्या कसला, आणि ऐकून म्हणाला होता, "रापणीच्या दोरयेक हात लायलो, त्येका वाटो गावता. वाटसरू आसलो तरी. थंय कोण पेटी घेवन बसता रे?" रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं; ओढायला येईल त्याला मासळीत वाटा. ॲल्स्टनने बटण काढलं आणि त्या जागी लिहिलं, चूक दिसली तर कळवा. दोरीला हात लावायची जागा तीच.

"मॅडम, पैसे कोणी मागितले?" तो म्हणाला. ऑफिसची मराठी त्याच्या हातून तिथंच सुटली. "दोरयेक हात लावक नको, मासळी तेवडी व्हयी, आणि वयर रापण आमचीच म्हणतास? माज्या बापायचा नाव पुसून माकाच देणगी?"

पलीकडून बाईंनी कॉलच्या दर्जाला गुण द्यायला सांगितलं.

आठवड्याभरात ॲपने वेळ दुरुस्त केली. ती त्याच्याच पानावरून उचललेली होती, सेकंदासकट. खाली नवी ओळ होती: 'आमच्या तज्ज्ञांच्या अभ्यासातून'. ॲल्स्टनने ती बापाला वाचून दाखवली.

"येळ बरोबर आसा मा?" इनासने विचारलं.

"आज आसा. परत वाळू सरकली की गेली."

"मगे परत कोणतरी रुततलो," इनास म्हणाला आणि वही काखेत मारून निघाला.

खांबापाशी तो पाणी टेकेपर्यंत उभा राहिला. वेळ लिहिली, नेहमीसारखी पेन्सिलीने. मग घरी परत आला, मुलाच्या खिशातलं पेन काढून घेतलं, आणि एकतीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते त्या वेळेखाली सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं: इनास. शाई वाळेपर्यंत त्याने वही मिटली नाही.