मोकळी जागा

"भाड्याचं अक्षर काढायचं नाही. विचारलंच, तर तुम्ही मालकांची मावसबहीण," जिन्याच्या तोंडाशी एजंटनं बजावलं.

ती मुकाट्यानं चढू लागली. भर दुपारी जिन्यात काळोख. दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. वळणावर आधाराला हात टाकला, तर दांडी नाही. भिंतीत भोकं आणि पायरीवर त्यांची ताजी भुकटी.

"दिवा, दांडी सगळं नवं बसवून देऊ तुमच्या मिस्टरांसाठी," एजंट म्हणाला. "आधी जागा मोकळी तर होऊ दे."

ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापल्यापासून त्याला बसमध्ये चढणं जमेना. शहराच्या टोकाला त्या एका खोलीत तो दिवसभर भिंतीकडे बघत बसे. घर शोधून शोधून तिच्या चपला झिजल्या. राहण्याजोगं ते परवडत नव्हतं, परवडेल ते राहण्याजोगं नव्हतं. आणि ही जागा इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर, पहिल्याच मजल्यावर, निम्म्या भाड्यात!

दार एका म्हाताऱ्या भाडेकरूनं उघडलं. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासण्यात जन्म गेलेला, आता एकटा. एजंटनं ठरल्याप्रमाणे तिची ओळख करून दिली.

"मावसबहीण का? बरं बरं. या, बसा."

त्यानं तिला कौतुकानं खिडकीपाशी नेलं. "तो दवाखाना. खाली भाजीवाली. पलीकडे बाग, सावलीत बाकं. चार पावलं टाकली की सगळं हाताशी. ह्या वयात आणखी काय हवं हो?"

तिला त्या बाकावर नवरा बसलेला दिसला. लगेच स्वतःचीच लाज वाटली.

निघताना ती हळूच म्हणाली, "काका, जिन्यात जपून हं."

"अहो, रोज कुणीतरी काहीतरी काढून नेतंय. आधी दिवा, मग दांडी. मी आपला लहान पोरासारखा बसून बसून उतरतो!" म्हातारा खळखळून हसला. एजंट हसला नाही.

रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "जातो म्हणालेत का ते?"

"पिकलं पान आहे, ताई. झाडाला धरून धरून किती धरणार?"

'नको मला' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बाहेर पडलं ते वेगळंच. "घरी विचारून सांगते."

घरी नवऱ्यानं विचारलं, "बाग आहे म्हणतेस? बसायला बाकं?"

"आहेत."

किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. जिन्याचं तिनं काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती चादरींच्या घड्या घालत असताना फोन वाजला.

"ताई, झाली मोकळी. आज किल्ली घेता?"

"ते कुठे गेले?"

"तुम्हाला जागा हवीय, की त्यांचा पत्ता?"

तिनं फोन ठेवला. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा उचलून ती स्वतःच वर, हाडांच्या वॉर्डात गेली. ते तिचं काम नव्हतं. एकेक खाट बघत ती शेवटच्या खाटेशी थांबली.

म्हाताऱ्याचा पाय वजन लावून टांगला होता. त्यानं डोळे किलकिले करून तिला ओळखलं.

"आलात का राहायला?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. "सकाळी छान ऊन येतं तिथं."

तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग वाकून त्याच्या अंगाखालची चुरगळलेली चादर ती हलक्या हातानं सोडवू लागली.